युनिक्समध्ये कमांड कुठे राहतात आणि एकाच नावाच्या अनेक प्रती का असतात

आपला प्रश्न असा आहे. आपल्याकडे दोन सर्व्हर आहेत, एक सोलारिस १० चा (सन कंपनीचे युनिक्स) आणि दुसरा डेबियन १२ चा (लिनक्सचे एक वितरण). डेबियनवर ‘ग्रेप’ ही मजकुरात शब्द शोधणारी कमांड ‘/बिन’, ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/यूएसआर/लोकल/बिन’ अशा तीन ठिकाणी सापडते. सोलारिसवर ती ‘/बिन’ आणि ‘/यूएसआर/बिन’ यांच्या जोडीला ‘/यूएसआर/एक्सपीजी४/बिन’ मध्येही आहे. यांपैकी खरी प्रत कोणती आणि उरलेल्या हटवून जागा मोकळी करता येईल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

आधी उत्तर सांगतो. या सहा ठिकाणांपैकी केवळ एका फाइलबाबत, म्हणजे डेबियनवरील ‘/यूएसआर/लोकल/बिन’ मधल्या ग्रेपबाबत, निर्णय घेण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि तोही चौकशी केल्यावर. बाकीच्या पाच ठिकाणी हात लावू नये. त्यांतल्या काही मुळात दुसऱ्या प्रतीच नाहीत, आणि ज्या आहेत त्या नावाने एक असल्या तरी वागणुकीने वेगळ्या आहेत.

प्रथम डेबियनवर ‘एलएस -एलआय’ ही कमांड ‘/बिन/ग्रेप’ आणि ‘/यूएसआर/बिन/ग्रेप’ या दोन्ही पत्त्यांवर एकत्र चालवून पाहावी. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आयनोडचा, म्हणजे फाइलच्या डिस्कवरील नोंदीचा, क्रमांक येतो आणि तो दोन्ही ओळींत तंतोतंत एकच असेल. त्यापुढचा परवानगीचा रकाना ओलांडल्यावर एक लहानसा आकडा दिसतो. त्या फाइलला डिस्कवर किती नावे आहेत, हे तो सांगतो. येथे तो १ आहे, आणि याच आकड्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. हार्ड लिंक, म्हणजे त्याच फाइलला दिलेले दुसरे नाव, असती तर तो २ असता आणि एक नाव पुसले तरी दुसऱ्या नावाने फाइल शिल्लक राहिली असती. येथे मात्र ‘/बिन’ ही संपूर्ण डिरेक्टरीच ‘/यूएसआर/बिन’ कडे बोट दाखवणारी सिंबॉलिक लिंक आहे. त्यामुळे ‘/बिन/ग्रेप’ हटवले की एकुलती एक फाइल जाईल आणि दोन्ही पत्ते एकाच वेळी रिकामे होतील. सोलारिसवरही ‘/बिन’ ही अशीच लिंक आहे. जागा दोनदा व्यापलेली नसल्यामुळे ती मोकळी होण्याचाही प्रश्न येत नाही.

मग हे दोन पत्ते ठेवले तरी कशासाठी, हे समजण्यासाठी युनिक्स जिथे जन्मले त्या बेल लॅब्जमधील पहिल्या यंत्रांपर्यंत मागे जावे लागते. डेनिस रिची आणि केन थॉम्प्सन यांनी १९७४ साली युनिक्सचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात त्यांच्या पीडीपी-११/४५ यंत्राची सामग्री दिलेली आहे. त्या यंत्राला १ मेगाबाइटची एक स्थिर शीर्षांची वेगवान डिस्क होती, प्रत्येकी अडीच मेगाबाइटच्या काढता-घालता येणाऱ्या डिस्क चालवणारी चार यंत्रे होती आणि ४० मेगाबाइटची एक मोठी डिस्क होती. मूळ डिरेक्टरी त्या लहान वेगवान डिस्कवर होती आणि वापरकर्त्यांच्या फाइली मोठ्या डिस्कवर होत्या. ‘/यूएसआर’ हे त्या काळी वापरकर्त्यांच्या घरांचेच ठिकाण होते. मूळ डिस्क इतकी लहान असताना वाढत्या कमांड तिच्यावर मावणे शक्य नव्हते, म्हणून त्यांतल्या काही मोठ्या डिस्कवर गेल्या आणि ‘/यूएसआर/बिन’ रूढ झाले. यामागे तत्त्वचर्चा नव्हती, जागेची अडचण होती. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेत डिरेक्टऱ्यांची रचना सांगताना ‘/यूएसआर/बिन’ चा उद्देश सरळ शब्दांत दिला आहे, तो म्हणजे ‘/बिन’ लहान राहावे.

तथापि कोणती कमांड कुठे ठेवायची, यात मनमानी करता येत नव्हती. यंत्र सुरू होते तेव्हा फक्त मूळ डिस्क हाताशी असते. दुसरी डिस्क जोडण्यासाठी ‘माउंट’ चालवावे लागते. ते ‘माउंट’च दुसऱ्या डिस्कवर ठेवले तर किल्ली घरात ठेवून बाहेरून कुलूप घातल्यासारखे होईल. म्हणून शेल (टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा कार्यक्रम), फाइलींची यादी देणारी ‘एलएस’, नक्कल करणारी ‘सीपी’, फाइल-प्रणाली तपासणारी ‘एफएससीके’ अशा दुरुस्तीच्या वेळी लागणाऱ्या कमांड मूळ डिस्कवर राहिल्या आणि नंतरही चालणारी संपादन व छपाईची साधने दुसरीकडे गेली. लिनक्ससाठी १९९४ साली डिरेक्टऱ्यांच्या रचनेचे जे पहिले मानक आले, त्यातही हीच विभागणी आहे. दुसरी कोणतीही फाइल-प्रणाली जोडलेली नसताना ज्या कमांड लागतात, त्यांची जागा ‘/बिन’ असे ते मानते.

‘/एसबिन’ चा जन्म याच विचारातून झाला. जुन्या युनिक्समध्ये ‘इनिट’, ‘माउंट’, ‘एफएससीके’ असे प्रशासकाचे कार्यक्रम चक्क ‘/ईटीसी’ मध्ये, संरचनेच्या फाइलींच्या शेजारी ठेवलेले असत. पुढे ते वेगळे काढून ‘/एसबिन’ आणि ‘/यूएसआर/एसबिन’ मध्ये ठेवण्यात आले. लायब्ररी, म्हणजे अनेक कमांडना लागणारा तयार कोड, सामायिक वापरण्याची पद्धत आल्यावर आणखी एक धोका निर्माण झाला. लायब्ररीची फाइल बिघडली तर तिच्यावर अवलंबून असलेली प्रत्येक कमांड त्याच क्षणी निकामी होते. त्यावर उपाय म्हणून आणीबाणीच्या कमांड सर्व लायब्ररी पोटात घेऊन, म्हणजे स्टॅटिक पद्धतीने, बांधल्या जात. फ्रीबीएसडी या दुसऱ्या युनिक्स-प्रणालीने हा विचार आजही जिवंत ठेवला आहे. तेथे ‘/रेस्क्यू’ नावाच्या डिरेक्टरीत शंभराहून अधिक कमांड दिसतात, पण त्या सर्व एकाच स्टॅटिक फाइलच्या हार्ड लिंक आहेत. आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली आहे, हे तो कार्यक्रम पाहतो आणि त्याप्रमाणे काम करतो. जागा एका फाइलची आणि नावे शेकड्याने, असा हा प्रकार मला फार नेटका वाटतो. लिनक्सवरील लहान उपकरणांत चालणारे बिझीबॉक्सही याच युक्तीवर उभे आहे.

आता सोलारिसकडे वळतो, कारण एकाच नावाच्या खरोखर वेगवेगळ्या कमांड तेथे आहेत आणि आपला वेळही तेथेच जास्त जाणार आहे. सनची जुनी प्रणाली बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सवर बेतलेली होती. १९९२ मध्ये आलेली सोलारिस २ मात्र एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्ह या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीवर उभी होती. ग्राहकांकडे बर्कली पद्धतीने लिहिलेल्या स्क्रिप्टचे ढीग होते आणि ते टाकून द्या असे सांगणे शक्य नव्हते. म्हणून मुख्य ‘/यूएसआर/बिन’ मध्ये सिस्टिम फाइव्हच्या कमांड बसवल्या गेल्या आणि बर्कलीच्या जुन्या कमांड ‘/यूएसआर/यूसीबी’ मध्ये सांभाळून ठेवल्या गेल्या. त्याच सुमारास पॉझिक्स या युनिक्स-प्रणालींच्या समान मानकाचा कमांडविषयक भाग आणि एक्स/ओपन या कंपन्यांच्या संघटनेच्या मार्गदर्शिकेची (एक्सपीजी) चौथी आवृत्ती आली. या मानकांची काही वागणूक जुन्या सिस्टिम फाइव्हशी जुळत नव्हती. जुनी कमांड बदलली तर जुने ग्राहक अडचणीत येणार आणि न बदलली तर मानकाचे प्रमाणपत्र मिळणार नाही, अशी ती कोंडी होती. त्यातून ‘/यूएसआर/एक्सपीजी४/बिन’ हा तिसरा पत्ता निघाला. कंपायलरबरोबर लागणारी ‘मेक’, ‘एलडी’, ‘एआर’ ही साधने ‘/यूएसआर/सीसीएस/बिन’ मध्ये गेली आणि ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची साधने सोलारिस १० मध्ये ‘/यूएसआर/एसएफडब्ल्यू/बिन’ मध्ये आली. त्यांतल्या अनेकांच्या नावाआधी ‘जी’ जोडलेला आहे, जसे ‘जीटार’ आणि ‘जीमेक’.

हा फरक केवळ कागदावर नाही. सोलारिस १० वरील ‘/यूएसआर/बिन/ग्रेप’ ला कॅपिटल ‘-ई’ हा पर्याय समजत नाही, तर एक्सपीजी४ मधील ग्रेपला तो समजतो. लिनक्सवर लिहिलेली स्क्रिप्ट तेथे नेली की पहिली ठेच बहुधा येथेच लागते. वापरकर्त्याची ओळख सांगणाऱ्या ‘/यूएसआर/बिन/आयडी’ ला ‘-यू’ कळत नाही, त्यामुळे ‘मी रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) आहे का’ हे तपासणाऱ्या स्थापनेच्या स्क्रिप्ट सुरुवातीलाच कोसळतात. मजकुरावर प्रक्रिया करणारी ‘/यूएसआर/बिन/ऑक’ ही आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांची १९७७ ची मूळ ऑक आहे. १९८५ साली तिच्यात जी मोठी भर पडली, ती ‘एनऑक’ या वेगळ्या नावाने ठेवलेली आहे. जुन्या ऑकला नवा कार्यक्रम दिला की ‘बेलिंग आउट निअर लाइन १’ एवढेच सांगून ती थांबते.

या चुका निदान दिसतात तरी. अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरे घालणाऱ्या ‘टीआर’ ची गोष्ट अधिक गंभीर आहे. लहान अक्षरे मोठी करण्यासाठी ‘टीआर’ ला ‘ए ते झेड’ अशी मर्यादा चौकटी कंस न घालता दिली, तर सोलारिसच्या ‘/यूएसआर/बिन’ मधील कमांड तिला मर्यादा मानत नाही. ती त्यातली ‘ए’, आडवी रेघ आणि ‘झेड’ अशी तीन सुटी चिन्हे वाचते. परिणामी मजकुरातील फक्त ‘ए’ आणि ‘झेड’ ही अक्षरे मोठी होतात आणि मधली चोवीस अक्षरे होती तशीच राहतात. कोणतीही चूक दाखवली जात नाही आणि कमांड यशस्वी झाल्याचा संकेतही परत येतो. ग्राहकांच्या नावांची फाइल अशा स्क्रिप्टमधून गेली तर गोंधळ कळेपर्यंत तो पुढच्या तीन प्रणालींत पोहोचलेला असतो. एक्सपीजी४ मधील ‘टीआर’ हेच काम मानकाप्रमाणे बिनचूक करते. आपण ‘जादा’ समजून जी डिरेक्टरी साफ करू पाहत होता, तिच्यामुळेच आपल्या कितीतरी स्क्रिप्ट आज नीट चालत असतील.

नावाच्या सारखेपणावर विसंबू नये, यासाठी आणखी एक इशारा देतो, कारण आपण दोन्ही यंत्रांवर काम करता. लिनक्सवर ‘किलऑल’ ला प्रक्रियेचे नाव दिले की त्या नावाच्या प्रक्रिया थांबतात. सोलारिसवर ‘/यूएसआर/एसबिन’ मधील ‘किलऑल’ ही यंत्र बंद करताना वापरायची कमांड आहे आणि ती सर्वच चालू प्रक्रिया थांबवते. सोलारिसवर हे काम ‘पीकिल’ ने करावे, आणि माझा आग्रह असा की दोन्ही यंत्रांवर हात ‘पीकिल’लाच सरावलेला असावा.

मानकामुळे निर्माण झालेल्या प्रतींचे सर्वांत विलक्षण उदाहरण म्हणजे ‘/यूएसआर/बिन/सीडी’. डिरेक्टरी बदलणे हे शेलने स्वतःच करायचे काम आहे. वेगळी प्रक्रिया सुरू करून तिची डिरेक्टरी बदलली तर ती प्रक्रिया संपताच बदलही संपतो आणि शेल होते तेथेच राहते. तरीही सोलारिस, आयबीएमचे एआयएक्स आणि मॅकओएस यांच्यावर ही फाइल असते. उघडून पाहिली तर ती काही ओळींची शेल स्क्रिप्ट निघते. स्वतःचे नाव काय आहे ते ती पाहते आणि त्याच नावाची शेलमधील अंगभूत कमांड चालवते. पॉझिक्सची अपेक्षा अशी आहे की अशा नेहमीच्या अंगभूत कमांड दुसऱ्या कार्यक्रमालाही थेट चालवता आल्या पाहिजेत, म्हणून ही सोय केलेली आहे. त्या डिरेक्टरीत प्रवेश करता येतो की नाही, एवढे तपासण्यापुरता तिचा उपयोग होतो. ‘इको’, ‘टेस्ट’, ‘किल’ आणि ‘पीडब्ल्यूडी’ यांचीही एक आवृत्ती शेलच्या आत आणि एक डिस्कवर असते. साधे नाव टाइप केले की बहुधा आतलीच चालते, त्यामुळे डिस्कवरील फाइलची माहितीपुस्तिका वाचून शेलमधील वागणुकीचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते.

लिनक्सवर दोन पत्त्यांचे एकत्रीकरण तुलनेने अलीकडचे आहे. आजचे लिनक्स बूट होताना मेमरीतच एक छोटी तात्पुरती फाइल-प्रणाली उभी करते आणि मूळ डिस्क व ‘/यूएसआर’ जोडण्याचे काम तिच्यातूनच होते. त्यामुळे ‘/बिन’ वेगळे ठेवण्याचे जुने कारण उरले नाही. शिवाय बूटच्या सुरुवातीला चालणारे अनेक कार्यक्रम ‘/यूएसआर’ मधल्या लायब्ररी मागू लागले होते, म्हणजे ती भिंत आधीच पडलेली होती. फेडोरा १७ ने २०१२ मध्ये सर्व काही ‘/यूएसआर’ खाली नेले आणि जुने पत्ते लिंक म्हणून ठेवले. डेबियनने १० व्या आवृत्तीत, २०१९ मध्ये, नव्या स्थापनेसाठी हीच रचना स्वीकारली आणि २०२३ च्या १२ व्या आवृत्तीत ती सर्वांना बंधनकारक केली. जुन्या लिंक काढून टाकता येत नाहीत, कारण जगभरच्या असंख्य स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘/बिन/एसएच’ हा पत्ता लिहिलेला आहे. पर्ल भाषेच्या बाबतीतही हेच झाले. ती कुणाच्या यंत्रावर ‘/यूएसआर/लोकल/बिन’ मध्ये होती, तर लोक स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘/यूएसआर/बिन/पर्ल’ लिहीत. म्हणून फ्रीबीएसडीने पर्ल मूळ प्रणालीतून काढल्यावरही त्या जागी कित्येक वर्षे लिंक ठेवली.

‘/यूएसआर/लोकल’ ही मात्र यंत्राच्या प्रशासकाची स्वतःची जागा आहे. लिनक्सवर वितरकाची पॅकेजे तेथे फाइली टाकत नाहीत. फ्रीबीएसडीवर मूळ प्रणालीबाहेरचे सर्व सॉफ्टवेअर तेथेच बसते. आपल्या डेबियनवर तेथे ग्रेप असेल, तर ती कोणीतरी हाताने, बहुधा मूळ कोडपासून बांधून, बसवलेली आहे.

येथे ‘पाथ’ चा संबंध येतो. अनेक प्रतींपैकी कोणती चालेल, हे ‘पाथ’ या चलातील डिरेक्टऱ्यांचा क्रम ठरवतो. डेबियनवर सामान्य वापरकर्त्याच्या लॉगिनमध्ये ‘/यूएसआर/लोकल/बिन’ सर्वांत आधी असते, म्हणून टर्मिनलवर हाताने बसवलेली ग्रेप चालते. वापरकर्त्याच्या क्रॉनटॅबमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप करायच्या कामांच्या यादीतून, चालणाऱ्या कामाला मात्र डीफॉल्टने ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/बिन’ एवढेच मिळते, म्हणून रात्री तीच स्क्रिप्ट डेबियनची ग्रेप वापरते. दिवसा चालणारी आणि रात्री बिघडणारी स्क्रिप्ट समोर आली की मी सर्वप्रथम हाच फरक तपासतो. प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘पाथ’ स्पष्ट लिहून द्यावा. सोलारिसवर त्यात ‘/यूएसआर/एक्सपीजी४/बिन’ आधी ठेवावे, आणि ती डिरेक्टरी खरोखर आहे ना, हेही तपासावे, कारण अगदी किमान स्थापनेत तिचे पॅकेज नसते. मानकाला धरून असलेला क्रम ‘गेटकॉन्फ पाथ’ ही कमांड स्वतःच सांगते. चालू डिरेक्टरी, म्हणजे टिंब, ‘पाथ’ मध्ये कधीही ठेवू नये, रूटच्या तर मुळीच नाही. ‘/टीएमपी’ या सर्वांना लिहिता येणाऱ्या डिरेक्टरीत कोणी ‘एलएस’ नावाची फाइल ठेवली, तर ती रूटच्या अधिकाराने चालू शकते.

कोणती प्रत चालणार आहे, हे पाहण्यासाठी ‘व्हिच’ पेक्षा बॅश शेलमधील ‘टाइप -ए’ वापरावे. सोलारिस १० वरील ‘व्हिच’ ही सी-शेलची स्क्रिप्ट आहे. ती आपल्या चालू शेलऐवजी सी-शेलची मांडणी वाचते आणि त्यामुळे चुकीचे उत्तर देऊ शकते. ‘टाइप’ शेलच्या आतून उत्तर देते, म्हणून अंगभूत कमांड आणि टोपणनावेही दाखवते.

फाइल कोणत्या पॅकेजची आहे, हे विचारतानाही डेबियन १२ वर एक खाचखळगा आहे. ‘डीपीकेजी -एस’ ला ‘/यूएसआर/बिन/ग्रेप’ हा पत्ता दिला, तर असा पत्ता कोणत्याही पॅकेजमध्ये नाही, असे उत्तर येते. याचे कारण असे की पॅकेजच्या नोंदीत अजून ‘/बिन/ग्रेप’ हा जुना पत्ता आहे. हे उत्तर वाचून फाइल बेवारस आहे असा समज करून घेणे सोपे आहे आणि ती हटवली तर यंत्राची एकुलती एक अधिकृत ग्रेप जाते. म्हणून दोन्ही पत्ते विचारून पाहावेत. सोलारिसवर हेच काम ‘पीकेजीसीएचके -एल -पी’ करते.

राहिली ‘/यूएसआर/लोकल/बिन’ मधली ग्रेप. तिची आवृत्ती ‘--व्हर्जन’ ने पाहावी आणि ती कोणत्या लायब्ररी मागते ते ‘एलडीडी’ ने पाहावे. मग तिचा पूर्ण पत्ता ‘/ईटीसी’ मध्ये, सर्व क्रॉनटॅबमध्ये आणि आपल्या स्क्रिप्टमध्ये शोधावा. ‘एलएस -एलयू’ ने ती शेवटची कधी वाचली गेली तेही कळते. मात्र डिस्क ‘रिलेटाइम’ पर्यायाने जोडलेली असेल, तर ही वेळ साधारण चोवीस तासांतून एकदाच पुढे सरकते आणि ‘नोएटाइम’ असेल तर सरकतच नाही, हे लक्षात ठेवावे. कोणीच वापरत नाही असे दिसले तरी लगेच पुसू नये, तिच्या नावापुढे काही शब्द जोडून नाव बदलावे. जे शेल आधीपासून उघडे आहेत, त्यांनी जुना पत्ता लक्षात ठेवलेला असतो आणि ते फाइल सापडत नाही अशी तक्रार करतील. तेथे ‘हॅश -आर’ चालवले की शोध नव्याने सुरू होतो. महिनाअखेरची कामे, आणि यंत्रावर हिशेबाचे काम होत असेल तर ३१ मार्चची कामेही, सुरळीत पार पडेपर्यंत ती फाइल त्या बदललेल्या नावाने तशीच राहू द्यावी.